चिंच, मीठ आणि खळं

आई, तुझ्या गाठींबद्दल मला एक रीतसर तक्रार नोंदवायची आहे. जाऊन एकोणीस वर्षं झाली म्हणजे आपण सुटलो, असं समजू नकोस. तळघरातल्या लोखंडी कपाटात तुझे सतरा खोके होते, प्रत्येक खोक्याला पांढरी सुती दोरी होती आणि प्रत्येक दोरीला ती तुझी गाठ होती. दोन वेढे, आत फास आणि वर दातओठ खाऊन आवळलेली निरगाठ. सुरगाठ नावाचा एक सुटसुटीत प्रकार जगाला माहीत आहे, पण तुला तो कधी पटला नाही. सुरगाठ म्हणजे तुझ्या मते स्वभावातला ढिलेपणा. सोमवारपासून माझी दोन नखं गेली, विणायची एक सुई वाकली आणि उजव्या अंगठ्याला असं काही झालंय की डॉक्टरीणबाईंनी त्याला लांबलचक लॅटिन नाव दिलं. कात्री समोर होती. मी तिला हात लावला नाही. "दोरी कापायची नसते, सोडवायची असते," हे तू माझ्या कानात इतक्या वेळा घातलंयस की त्रेपन्नाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या कात्रीकडे बघतानाही मी आधी जिन्याकडे बघते. लोकांची टर उडवून पोट भरणाऱ्या बाईची ही अवस्था. वाचकांना कळलं तर माझ्यावरच लेख लिहितील.

खोके सोडवायचं कारण असं, की घर विकतेय. ॲन आर्बरचा बर्फ आता माझ्याच्यानं उपसवत नाही. तुझी नात दक्षिणेतल्या अल्फारेटाला बोलावतेय. तिथे थंडी नाही आणि मराठी लोक इतके आहेत की भाजीच्या दुकानात भांडायलासुद्धा इंग्रजी लागत नाही. फक्त तिची एक अट आहे. "आई, यू कॅन ब्रिंग ऑल द बुक्स. नॉट द गन्स, प्लीज." मी चौकशी केली. तिच्या वसाहतीच्या नियमांत पिस्तुलांना बंदी नाही, पुढच्या ओट्यावर कढीपत्त्याची कुंडी ठेवायला मात्र आहे. तरी म्हटलं, पोरीचं ऐकावं. तेव्हा काल जुन्या पिस्तुलांची परवानाधारक विक्रेती येऊन सगळी बघून गेली, आणि ती जे बोलली त्यासाठी हे पत्र. पण तुझ्यासमोर गोष्ट मधूनच सुरू केलेली तुला खपत नाही, म्हणून क्रमानं सांगते. तुला माहीत असलेलंही सांगते. मी ते इतकी वर्षं लोकांना चुकीचं सांगत आलेय.

माझ्या आईला जुनी पिस्तुलं जमवायचा नाद होता, असं मी म्हटलं की समोरचा मराठी माणूस चहाचा कप खाली ठेवतो. मग मी तपशील पुरवते. एक गोळी सुटली की पुढची आपोआप वर चढते अशी, सेमी-ऑटोमॅटिक. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे युरोपात बनलेली. बाई शाकाहारी, कोळ्याला पेल्यात पकडून अंगणात नेऊन सोडणारी. आयुष्यात एकदाही चाप ओढला नाही. आमच्या घरात गोळी होती ती फक्त डोकेदुखीची. इथपर्यंत लोक हसायला लागलेले असतात. मी त्यांना हे सांगत नाही, की मिरजेच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई अमेरिकेत आली तेव्हा तिच्या पदवीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि ती गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी उभी राहिली. रोज आठ तास, जाड तळाचे बूट घालून, गिअरचे दात तपासत. आणि मोजमापाच्या गेजनं पास केलेला तुकडा ती नुसत्या नजरेनं बाजूला काढायची, दोन दिवसांनी तो खरंच खराब निघायचा. तपासणी विभागाच्या म्हाताऱ्या फोरमननं हे हेरलं. त्यानं आपल्याला एका रविवारी घरी बोलावलं, त्याच्या बायकोनं ॲपल पाय केला होता, आणि टेबलावरच्या हिरव्या फडक्यावर त्यानं तुझ्यापुढे दोन पिस्तुलं ठेवली. म्हणाला, यातलं एक खोटं आहे. तू चष्मा पुसलास. बाबा खुर्ची मागे सरकवून बसले. तू पाच मिनिटांनी उजवीकडचं उचललंस आणि म्हणालीस, "दिस वन. द फोर इज डिफरंट." चारचा आकडा वेगळ्या वळणाचा होता. फोरमन नुसता हसला. निवृत्त झाला तेव्हा त्यानं खरं होतं ते तुला दिलं. बाबांनी घरी आल्यावर एवढंच विचारलं, "हे कुठल्या फडताळात ठेवायचं? लोणच्याच्या?"

त्यानंतरची वर्षं मला स्वयंपाकघरातल्या टेबलासारखी आठवतात. एका टोकाला मी भूमिती करतेय, दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र पसरून तू डोळ्याला भिंग लावून बसली आहेस, मध्ये पोळ्यांचा डबा. कुकर होत आलाय. तू मान वर न करता बोलतेस. "आधी पिस्तुलाकडे बघायचंच नाही. आकड्यांकडे बघायचं." प्रत्येक सुट्या भागावर त्याच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. सगळे जुळले तर तू म्हणायचीस, सगळी एका आईची. एखाद्या भागावर दुसराच आकडा निघाला की तो सावत्र. पोलादावरची जुनी निळसर झाक काढून कुणी नवी चढवली असेल, तर ते तुझ्या शब्दांत केस काळे केलेलं पिस्तूल. ते ओळखायचं कसं, तर घासून घासून अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि स्क्रूच्या भोकांच्या काठाला बशीसारखा उतार येतो. "केस काळे करणारा माणूसही कानामागे सापडतो," हे तू बाबांकडे बघून म्हणाली होतीस. चाप, सुरक्षेचा खटका असे लहान भाग मुद्दाम तापवून पिवळसर तपकिरी केलेले असत. त्या रंगाला जाणकार लोक गवताच्या काडीचं नाव देतात. तू म्हणायचीस, तुपाच्या बेरीचा रंग. बेरी जेमतेम बदामी झाली की गॅस बंद करायचा, तसं त्या कारागिरांनी नेमक्या क्षणी आगीतून काढलेलं.

आणि खळं. हा तुझा शब्द मी नंतर कुणाच्याच तोंडी ऐकला नाही. झाक चढवून झाल्यावर पोलादावर आकडा ठोकला, की ठोक्यानं आजूबाजूची झाक किंचित हलते आणि त्या आकड्याभोवती पुसट उजळ कडं उमटतं. "चंद्राला कसं खळं पडतं? तसं." तू मला भिंग देतेस. मला आधी माझ्याच पापण्या दिसतात. मग एकदम दिसतं. "आकडा कुणीही ठोकू शकतो, अक्षर कुणीही कोरू शकतो," तू म्हणतेस, "पण खळं मागाहून आणता येत नाही. ते त्या दिवसाचंच असावं लागतं."

एका शेतकऱ्याच्या घरचं सामान विकायला निघालं होतं तिथे, खिळ्यांच्या डब्याशेजारी, तुला ते सापडलं. दिसायला सगळ्यांत गरीब. मळकट, तपकिरी, मुठीचं लाकूड तेलकट झालेलं. पण खटक्याशेजारी कोरलेला शब्द नेहमीच्या भाषेतला नव्हता. तुझा अंदाज असा, की त्या कारखान्याला कुठल्याशा लहान देशाच्या सैन्याची मागणी आली होती, थोडी पिस्तुलं त्या देशाच्या भाषेत शब्द कोरून तयार झाली आणि मग व्यवहार फिसकटला. असले प्रकार बनवून विकणारे लबाड पुष्कळ, त्यामुळे नुसत्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही. पण तुझ्या पिस्तुलाच्या प्रत्येक आकड्याभोवती खळं होतं. दोन वर्षं तू पत्रं लिहिलीस, फोटो मागवलेस, जेवणाच्या सुट्टीत फोरमनशी फोनवर बोललीस. मुठीच्या लाकडी पट्ट्या मात्र काढल्या नाहीस. ते स्क्रू कुणी फिरवलेले नाहीत हाही एक पुरावाच, म्हणायचीस. ते जाणकारांसमोर उघडायचे. नोव्हेंबरमध्ये संग्राहकांच्या प्रदर्शनात तुला एक टेबल मिळालं. तुला. त्या सगळ्या दाढीवाल्यांत. तू टेबलासाठी कापड आणलंस आणि ते दोनदा इस्त्री केलंस.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. दरवर्षी तू पाटावर तुझा मायक्रोमीटर, गेजं, बाबांचा पाना आणि पिस्तुलं मांडायचीस, मऊ कोरड्या फडक्यानं पुसायचीस, एक फूल ठेवायचीस. पिस्तुलाला कुंकू कधीच लावायची नाहीस, पाटाला लावायचीस. हा फरक माझ्या कधी लक्षात आला नव्हता. त्या वर्षी कारखान्यात ओव्हरटाइम होता. तू दुपारी फोन केलास, "मला उशीर होईल. तू मांडून ठेव गं, आल्यावर नमस्कार करते." मी पंधरा वर्षांची, अंगात अचानक भक्ती संचारलेली. देवीपुढे मांडायच्या वस्तू घासून लखलखीत करायच्या असतात, हे मला कुणी शिकवायला नको होतं. दर गुरुवारी देवाची भांडी मीच चिंचेनं घासायचे. सोळा पिस्तुलं तशी बरी दिसत होती. ते एक मात्र फार मळकं. मला त्याची कीव आली, आई. खरंच कीव आली. मी चिंच भिजवली, मीठ घेतलं, तारेची घासणी घेतली. पाऊण तास घासलं. खाली एवढं पांढरं स्वच्छ पोलाद निघालं की मी स्वतःवरच खूश झाले. नळाखाली धरलं, आणि ओल्यावरच हळदकुंकू लावलं. रांगोळी काढली. उदबत्ती लावून तुझी वाट बघत बसले.

तू आलीस तेव्हा बाहेर नुकतं अंधारून आलं होतं. कोट अंगातच होता. पाटापाशी आलीस आणि तशीच जमिनीवर बसलीस. मला वाटलं, भरून आलं.

"चिंच?" तू विचारलंस.

"हो."

"मीठ?"

"हो. छान निघालं ना?"

"घासणी कुठली?"

"तारेची. मऊनं निघेना."

तू पिस्तूल उचललंस, दिव्याखाली धरलंस, फिरवलंस. भिंग मागितलं नाहीस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुला भिंगाची गरज पडली नाही. बाबा दारात उभे राहून काहीतरी बोलणार होते, तू हातानंच थांबवलंस. मग पिस्तूल परत पाटावर ठेवलंस, नमस्कार केलास आणि म्हणालीस, "नैवेद्य दाखवलास का?" मी म्हटलं, दाखवला. "मग जेवू या. आणि उद्या त्याला तेल लाव. नुसतं राहिलं तर गंजेल." काय झालंय ते मला बाबांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांगताना तेही माझ्याकडे बघत नव्हते.

मला वाटलं, आता तू प्रदर्शनाला जाणार नाहीस. तू गेलीस. टेबल घेतलंय म्हणालीस, रिकामं कसं सोडायचं. मला बरोबर नेलंस, थर्मास माझ्या हातात. त्या हॉलचा वास मला आजही येतो, बंदुकीच्या तेलाचा आणि डोनटचा. तू निळा स्वेटर घातला होतास, कपाळाला टिकली, टेबलावर तुझं इस्त्रीचं कापड. फोरमन तुझ्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता. त्या जातीच्या पिस्तुलांचा मोठा जाणकार म्हणून ज्याला सगळे वाट देत होते, तो खांद्यावरून पट्टे घेतलेली पँट घातलेला जाडा माणूस आला. तू सांगायला लागलीस. खटक्याशेजारचा शब्द, आकडे, पत्रं. त्यानं पिस्तूल हातात घेतलं आणि भुवया वर केल्या. "मॅम, हे डिशवॉशरमध्ये घातलं होतं का?"

आजूबाजूची चार टेबलं हसली. वाईट माणसं नव्हती गं ती. मीही लोकांना असंच हसवते. फोरमनची मान एकदम माझ्याकडे वळली. त्याला कळलं होतं. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याच्या आधी मी उघडलं, निदान मला तसं आठवायला आवडतं. पण तू इंग्रजीत म्हणालीस, "आय क्लीन्ड इट. माय मिस्टेक." आणि माझ्याकडे न बघता मराठीत, "चहा ओत."

मी चहा ओतला. जाडा माणूस पिस्तूल ठेवून पुढच्या टेबलाकडे गेला. मुठीचे स्क्रू उघडायची वेळच आली नाही.

परतताना गाडीत मी रडले. म्हटलं, तू माझं नाव का नाही सांगितलंस? तू गाडी चालवत होतीस, इंडिकेटर दिलास, लेन बदललीस आणि मग म्हणालीस, "तू पंधरा वर्षांची आहेस. त्यांना हसायला मी पुरते." त्यावर मी काय म्हटलं ते मला आठवत नाही. मला बरं वाटलं होतं, हे आठवतं.

इथपर्यंतचं माफ करण्यासारखं आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला लोक माफ करतात. पुढचं मी सव्वीस वर्षांची असताना केलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला विनोदी लेख हवा होता, मी तुझ्यावर लिहिला. कोळ्याला सोडणारी, पिस्तुलं जमवणारी आई. आणि शेवटी काय, तर आई दुर्मीळ पिस्तूल चिंचमिठानं घासते. आईच. लेखाला तसा शेवट हवा होता आणि तसा जमला. लोक हसून लोळले. मला त्या लेखानं नाव दिलं. पुढची सगळी सदरं, सगळी भाषणं त्यावर उभी आहेत. मागच्याच वर्षी श्रूजबरीला कार्यक्रमात एक काकू भेटल्या, माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तुमच्या आईंनी चिंचेनं पिस्तूल घासलं, ते अजून आठवलं की मी एकटीच हसते हो!" मी म्हटलं, थँक्यू काकू.

तू तो लेख वाचला होतास. पेन्सिल घेऊन, नेहमीप्रमाणे. ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका काढल्यास. चिंचेच्या वाक्यापाशी पेन्सिल थांबली की नाही, हे मी बघत होते. थांबली नाही. "छान लिहिलंयस. लोक हसतील," म्हणालीस आणि कणीक मळायला घेतलीस. ज्या बाईच्या नजरेतून गिअरचा एक दात सुटत नसे, तिनं एक अख्खं खोटं वाक्य पास केलं.

आता कालचं. ती विक्रेती पस्तिशीची असेल, दंडावर चिमणी गोंदवलेली, बोलायला मोकळी. आजोबांचं बोट धरून ही प्रदर्शनं हिंडत मोठी झाली. मी टेबलावर एकेक खोका ठेवत होते, ती नोंदी करत होती, प्रत्येक खोक्यातलं तुझं नोंदीचं कार्ड वाचून मान डोलवत होती. "तुझ्या आईची नजर भारी होती," दोनदा म्हणाली. मग सतराव्या खोक्याची दोरी सुटली, ते पांढरंफटक पिस्तूल बाहेर आलं, आणि तिनं कपाळाला हात लावला. "ओह माय गॉड. ही डिशवॉशर लेडी? तुझी आई डिशवॉशर लेडी होती?"

अडतीस वर्षं, आई. तो जाडा माणूस गेला, फोरमन गेला, तू गेलीस, आणि त्या मंडळींत अजून कुणी अतिउत्साहानं पिस्तूल घासून बिघडवलं की म्हणतात, डिशवॉशर लेडी झाली. या मुलीला आजोबांनी सांगितलं होतं, पोरी, काहीही कर, डिशवॉशर लेडी होऊ नकोस. तुझी सतरा पिस्तुलं, तुझी दोन वर्षांची पत्रं, तुझं खळं, यातलं काही उरलं नाही. उरलं ते हे नाव. मराठीत मी आणि इंग्रजीत ते, आम्ही दोघांनी मिळून तुझी हीच ओळख ठेवली.

तिला माझा चेहरा दिसला असावा. सॉरी म्हणाली, आणि काहीतरी करायचं म्हणून तुझं कार्ड उचललं. पुढच्या बाजूला इंग्रजीत, तुझ्या शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात: क्लीन्ड बाय ओनर. तिनं ते उलटलं. "मागे काय लिहिलंय? हे तुझ्या भाषेत आहे." मी वाचलं. प्रदर्शनानंतर आठ दिवसांची तारीख, आणि खाली: डावी पट्टी काढली. खाली झाक शाबूत. खळं आहे. पुरे.

मी ते तिला इंग्रजीत सांगितलं. 'पुरे' कसं सांगायचं ते मला जमलं नाही. तिनं पिशवीतून बारीक पेचकस काढला, "मे आय?" विचारलं, आणि डाव्या पट्टीचा स्क्रू फिरवला. लाकूड उचललं गेलं. खाली माझी घासणी कधी पोचलीच नव्हती. निळं-काळं, जसंच्या तसं, नुकतं कारखान्यातून आल्यासारखं पोलाद, त्यावर एक बारीक शिक्का, आणि शिक्क्याभोवती खळं. ती भिंग लावून बराच वेळ बघत राहिली. "शी वॉज राइट," म्हणाली, अगदी हळू. "मग तिनं हे कुणाला दाखवलं का नाही?"

मला वाटतं, मला माहीत आहे. पुन्हा ते टेबल मांडलं असतंस तर पुन्हा तोच प्रश्न निघाला असता, कुणी घासलं, कसं घासलं. आणि तेव्हाही तुझ्याबरोबर थर्मास घेऊन मीच आले असते. बरोबर आहे का माझा अंदाज, ते तू सांगू शकत नाहीस. मी बराच काळ तो अंदाज न करण्यात घालवला.

"एक प्रॉब्लेम आहे," विक्रेती म्हणाली. "इथे कडेला गंज धरलाय. लाल. हा काढायला हवा." तिनं तेलाचा बोळा हातात घेतला. लाकडाच्या कडेनं एक बारीक लाल रेघ गेली होती, आणि लालाच्या आत पिवळी. मी तिचा हात धरला. बोट लावून पाहिलं. गंज बोटाला असा लागत नाही. ते माझं कुंकू होतं, आई, आणि माझी हळद. मी ओल्या पिस्तुलाला लावलेली, फटीतून आत उतरलेली. तू पट्टी काढलीस तेव्हा तुला ती दिसली होती. मायक्रोमीटरवर धुळीचा कण चालत नसे तुला. बाकी सगळ्या भागाला तू तेल लावलंस, मुलायम फडक्यानं पुसलंस, ते फडक्याचे फराटे अजून दिसतात. आणि त्या रेघेपाशी येऊन थांबलीस, पट्टी परत बसवलीस आणि खोक्याला ती भयंकर गाठ मारलीस.

"तो गंज नाही," मी म्हटलं. "ती पूजा आहे. आणि माझ्या आईनं हे पिस्तूल घासलेलं नाही. मी घासलं." मग सगळं सांगितलं, खंडेनवमीपासून, चिंच म्हणजे काय इथपासून. हसवायचा एकही प्रयत्न केला नाही. ते फार अवघड गेलं. मध्ये एकदा तीच हसली, तारेच्या घासणीपाशी, आणि मग तिनं डोळे पुसले.

म्हणाली, नोव्हेंबरच्या प्रदर्शनात ती हे स्वतःच्या टेबलावर ठेवणार आहे, डावी पट्टी काढून, शेजारी भिंग. विकायला नाही, दाखवायला. कार्ड शेजारी लावणार. "पण कार्डावर चूक आहे ना," ती म्हणाली. "नवीन टाइप करून देऊ?" मी नको म्हटलं. तुझ्या तपासणी विभागाचा नियम मला पाठ आहे. चुकीची नोंद खोडायची नाही, खरवडायची नाही, नवा कागद तर मुळीच घ्यायचा नाही. खालचं वाचता येईल अशी एक रेघ, शेजारी खरं ते, सही आणि तारीख. मी 'ओनर'वर एक रेघ मारली. शेजारी लिहिलं, डॉटर, वय पंधरा, चिंच आणि मीठ. ओनर वॉज ॲट वर्क. सही केली, तारीख घातली. माझं अक्षर तुझ्याशेजारी फार वाईट दिसतं.

जाताना तिनं विचारलं, "तू येशील ना त्या दिवशी?" म्हटलं, येईन. चहा घेऊन येईन.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, ते कपाटातल्या रिकाम्या कप्प्यात राहील, आणि कपाट घराबरोबर विकलं जाईल. पण तुझा नियम त्यालाही लागू. वर पहिल्या परिच्छेदात मी लिहिलंय, की कात्रीला हात लावला नाही. खोडत नाही, रेघ मारते. शेजारी: सोळा गाठी कापल्या, सोमवारीच, पहिल्या दहा मिनिटांत. नखं गेली ती सतराव्या गाठीत. ती मात्र सोडवली. आणि त्या मुलीच्या हातात खोका देण्याआधी त्याच दोरीनं परत बांधली. दोन वेढे, आत फास, वर निरगाठ.